थांबायची ताकद कोणाजवळ आहे?

(मोर्शी तालुक्यातल्या एका गावी संध्याकाळच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं सारखं केलंय, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

नमस्कार राजेहो. मागं उभे आहेत त्यांनी पुढं येऊन बसा, खुर्च्या खाली आहेत, इथं कोणी वर्गणी मागणार नाही.

बॅनरवर विषय लिहिलाय 'अन्न उद्योगाची पुरवठा साखळी : अडथळे व उपाय'. एवढं वाचूनच निम्मं गाव घरी गेलं असेल. तर सोपं करून सांगतो. तुमच्या वावरातला संत्रा, तूर, सोयाबीन हे दिल्लीच्या नाहीतर ढाक्याच्या माणसाच्या तोंडात जाईपर्यंत मध्ये जेवढे हात लागतात ती सगळी साखळी, आणि मध्ये झटका बसला, म्हणजे परतीचा पाऊस, ड्रायव्हरचा संप, बॉर्डर बंद, रात्रीतून निघालेला आदेश, तर ती तुटते का थोडी वाकून वापस सरळ होते, एवढाच प्रश्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, नंतर कोणाला डुलकी लागली तरी चालेल. आपली साखळी तुटते कारण तिच्यात थांबायची ताकद कोणाजवळच नाही. शेतकऱ्याजवळ नाही, छोट्या मिलवाल्याजवळ नाही, आमच्यासारख्या शेतकरी कंपन्यांजवळ तर बिलकुल नाही, आणि ज्याच्याजवळ थोडीफार आहे त्याच्याकडे सरकार साठेबाज म्हणून पाहते.

मी पहिले पुण्यात एका फूड कंपनीत खरेदी खात्यात होतो, आता अकोल्याकडे शेतकरी उत्पादक कंपनीचं काम पाहतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. तिकडचंही थोडं सांगीन. पण तुमच्या गावात बोलायचं तर सुरुवात संत्र्यापासूनच करावी लागते, नाहीतर तुम्ही मला चहा पाजणार नाही.

नागपुरी संत्र्याला २०१४ ला जीआय, म्हणजे इथल्याच मातीचा माल असल्याचा शिक्का, भेटलं. वरूड-मोर्शीला आपण विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणतो, म्हणून म्हणून आता खरंच वाटायला लागलंय. पण या कॅलिफोर्नियाचं बाहेरदेशी मोठं गिऱ्हाईक किती, तर मोजून एक, बांगलादेश. त्यानं काय केलं पाहा. २०१९ ला किलोमागे २० रुपयांच्या आसपास आयात शुल्क होतं, मग ३०, मग ५१, मग ६३, आणि २०२३ ला ८८. ही वाढ रात्रीतून नाही झाली, चार-पाच वर्षं पायरी पायरीनं चढली, सगळ्यांना दिसत होती, दर हंगामात पेपरात बातमी, दर हंगामात निवेदन, दर हंगामात शिष्टमंडळ. तरी दुसरा रस्ता कोणी काढला नाही. शेवटी राज्य सरकारनं निम्मं शुल्क आम्ही भरतो असं जाहीर केलं. म्हणजे आपल्या तिजोरीतला पैसा त्यांच्या कस्टमला. आणि मग ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडे सरकारच पडलं, शेख हसीना देश सोडून गेल्या, पेट्रापोल-बेनापोलची बॉर्डर काही दिवस ठप्प. नशीब म्हणायचं की तेव्हा आंबिया बहाराचा संत्रा तोडणीवर आला नव्हता. हेच नोव्हेंबरात झालं असतं तर काय झालं असतं याचा हिशोब तुम्हीच करा, मला करवत नाही.

आता कोणी म्हणेल, काहून दुसरीकडे पाठवत नाही? पोट्टे मला हे नेहमी विचारतात, दुबईला पाठवा, युरोपला पाठवा. राजेहो, आपला संत्रा गोड आहे, वासाला चांगला आहे, पण सालीनं ढिला आहे, लवकर मऊ पडतो, आणि बियांचा आहे. बाहेरच्या माणसाला सीडलेस पाह्यजे. आपल्याच देशात दिल्लीच्या मंडीत जा, पंजाबचा किन्नो थंडीत समोर उभा राहतो, घट्ट सालीचा, चमकदार, आठ-दहा दिवस हातगाडीवर टिकतो. व्यापारी काय बिचारा, तो ज्याच्यात सड कमी तेच उचलणार. नागपूरला लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथं वाणांवर काम होते, पण आज कलम लावलं तर फळ यायला पाच-सहा वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं पाणी टिकलं पाह्यजे. वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा किती झाला हे तुम्हाला मी कशाला सांगू, तुमच्या बोअरला विचारा. ज्याच्या बागेवर कर्ज आहे तो जुनी झाडं उपटून नवीन वाण लावून पाच वर्षं वाट पाहीन का? थांबायची ताकद म्हणतो ती इथून सुरू होते.

मग प्रोसेसिंग. प्रत्येक निवडणुकीत संत्रा प्रक्रिया प्रकल्प येते. इथं हसू नका, काही खरंच आले. नागपूरच्या नोगाचा जॅम-स्क्वॅश आपण लहानपणापासून पाहतो. नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात पतंजलीच्या फूड पार्कचं भूमिपूजन २०१६ ला झालं आणि उद्घाटन मार्च २०२५ ला. मधली नऊ वर्षं चुरी, म्हणजे बारीक फळाचा, संत्रा काही थांबून नव्हता, दर हंगामात झाडावरून उतरतच होता. पण आपण फक्त पुढाऱ्यांना शिव्या देतो, त्यात एक तांत्रिक गोष्ट राहून जाते. आपल्या संत्र्याचा रस काढला तेव्हा गोड लागतो, थोडा वेळ ठेवला किंवा गरम केला की कडू होतो. त्याच्यात लिमोनिन नावाचा घटक तयार होतो, बियांमधून नि पांढऱ्या पापुद्र्यातून येतो. बाहेरून आणलेल्या मोठ्या मशिनी व्हॅलेन्सियासारख्या घट्ट सालीच्या संत्र्यासाठी बनल्या आहेत, आपला ढिल्या सालीचा त्यात टाकला की साल, पापुद्रा, बिया सगळं दाबलं जाते आणि कडूपणा अजून वाढतो. कडूपणा काढता येतो, पण त्याला वेगळी यंत्रणा, वेगळा खर्च. वरून आंबिया नि मृग दोन्ही बहार धरले तरी कारखान्याला माल वर्षातले पाच-सहा महिने. बाकीचे महिने बॉयलर थंड, बँकेचा हप्ता गरम. म्हणून फक्त संत्र्यावर उभा केलेला कारखाना टिकत नाही. त्याच लाइनवर टोमॅटो, पेरू, आवळा, आंबा असं काहीतरी फिरवता आलं पाह्यजे, आणि ते ठरवायला कारखाना काढणाऱ्याला आधी इथल्या पिकांचं कॅलेंडर माहीत असावं लागते. ते बम लोकांना नसते. नकाशावर संत्रा दिसला की तिथं ज्यूस प्लांट, असं सोपं गणित.

आता एक आकडा सांगतो, त्यावर थोडं भांडण होईल. कोणत्याही भाषणात ऐकतो आपण, देशातली तीस-चाळीस टक्के फळं-भाज्या सडून जातात, म्हणून कोल्ड स्टोरेज बांधा. काढणीनंतरच्या मालावर काम करणाऱ्या लुधियानाच्या सिफेट या सरकारी संस्थेनं २०१५ ला देशभर मोजून पाहिलं तर फळं-भाज्यांचं नुकसान साडेचार ते सोळा टक्क्यांच्या मधलं निघालं, पिकानुसार. डाळींचं सहा ते साडेआठ. हेही कमी नाही, पण चाळीस नाही. मग शेतकऱ्याचा पैसा जातो कुठं? माझ्या मते माल सडून जातो त्यापेक्षा जास्त पैसा, सडेल या भीतीनं दिलेल्या भावात जातो. व्यापारी बागेत येतो, त्याला माहीत आहे तुमचा फळगळीचा काळ चालू आहे, पाऊस डोक्यावर आहे, आणि इसार घेऊन तुमचा खर्च झालाय. तो टनामागे तीन हजार रुपये कमी बोलतो, तुम्ही हो म्हणता. कोणत्या सर्व्हेत हे नुकसान येईल? फळ तर सडलंच नाही, दिल्लीत कोणीतरी खाल्लं.

आणि कोल्ड स्टोरेज म्हणाल तर देशातली बहुतेक शीतगृहं बटाट्यासाठी बांधलेली आहेत, यूपी-बंगालात. आपल्याकडे नागपूरला आहेत त्यांच्यात मिरची भरलेली असते. मिरचीवाला सहा-आठ महिने भाडं भरतो. संत्रावाला काही आठवडे ठेवणार नि तेही हंगामात सगळे एकदम येणार, बाकी वर्ष खोली रिकामी. मालकाला कोण परवडणार? त्याच्यावर लाइटीचं बिल. त्याच्यावर डीपी जळली तर जनरेटरचं डिझेल. सबसिडीत इमारत येते, डिझेल येत नाही.

रस्त्याचं बोलू. समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटर, डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी सुरू आणि जून २०२५ ला पूर्ण मुंबईच्या वेशीपर्यंत. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः जातो, आवडते मला. पण माल अडकतो कुठं हे आमच्या पिकअपवाल्या पोट्ट्याला विचारा. तो म्हणतो भाऊ, सातशे किलोमीटरची चिंता नाही, त्या पहिल्या तीनची आहे. पांधण रस्ता, म्हणजे वावरात जायची कच्ची वाट. काळी माती, ऑक्टोबरात पाऊस झाला की चारशेसात, म्हणजे छोटा ट्रक, बागेपर्यंत येत नाही, म्हणून कॅरेट डोक्यावर नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत डांबरी रस्त्यापर्यंत आणा, तिथं खाली करा, तिथं परत भरा. प्रत्येक वेळा उचललं की फळाला मार लागतो, तो आज दिसत नाही, तिसऱ्या दिवशी दिल्लीत काळा डाग होऊन दिसतो आणि तिथला अडत्या फोन करून सांगतो माल लागला, वीस टक्के कट. आणि तो ट्रॅक्टर समृद्धीवर चढवूच देत नाहीत, नियमानं बंदी आहे. पांधण मोकळं करायच्या योजनेला नाव आहे, जीआर आहे, पण शेजाऱ्यानं नांगराचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, आत घेतलेत ते मोजायला कोण जाणार, त्यात भाऊबंदकी आली, आणि समोरच बसलेत सगळे म्हणून मी इथंच थांबतो.

(हशा)

पर्यायी वाहतुकीचंही असंच. लॉकडाऊनमध्ये ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल धावली, ऑक्टोबरात नागपूरहून दिल्लीला संत्रा गेला, भाड्यात निम्मी सबसिडी. तेव्हा आपल्या लोकांना पहिल्यांदा कळलं की ट्रकशिवायही माल जातो. सबसिडी आटली तशा गाड्याही आटल्या. मग १ जानेवारी २०२४ ला ड्रायव्हर लोकांनी नवीन हिट अँड रन कायद्याविरुद्ध स्टिअरिंग सोडलं, दोन दिवस फक्त, आणि नागपुरात पेट्रोल पंपावर रांगा लागल्या. रेल्वेची ती सवय चालू ठेवली असती, आठवड्यातून एक डबा का होईना, तर निदान एक बाजू उघडी राहिली असती. पण दुसरा रस्ता म्हटला की जेव्हा लागत नाही तेव्हाही त्याचा खर्च चालूच असतो, आणि तो कोणी भरायचा हे आपल्याकडे ठरतच नाही. सोय संकटात सुरू होते आणि संकट गेलं की बंद, पुढच्या संकटाला परत शून्यातून.

सोयाबीनवर या. इथं तर मला राग येतो, सांभाळून घ्या. २०२४ चा हंगाम आठवा. हमीभाव ४८९२, बाजारात चार-सव्वाचार हजार. हमीभाव केंद्रावर अट काय तर मॉइश्चर १२ टक्के. ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडलेला, गंजी ओली, हार्वेस्टरनं काढलेला माल १६-१८ वर. वाळवायचं कुठं? गावात खळं राहिलं नाही, म्हणून आपण डांबरी रस्त्यावर पसरवतो नि मोटारसायकलवाले शिव्या देत जातात. नोव्हेंबरच्या मध्यात, मतदानाच्या तोंडावर, केंद्रानं १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली. तोपर्यंत ज्याला दिवाळी करायची होती, ज्याला रब्बीचं हरभऱ्याचं बी घ्यायचं होतं, त्यानं कधीच विकून टाकलं होतं. जे थांबले त्यांनी नोंदणी केली, मेसेज आला, ट्रॉली भरून गेले, तर बारदाना नाही. काटा आहे, माणूस आहे, गोदाम आहे, माल आहे, पैसे मंजूर आहेत, आणि पोतं नाही म्हणून खरेदी बंद! तागाचं पोतं येते बंगालातल्या जूट मिलमधून. हुगळीच्या काठावर पोतं शिवलं गेलं नाही म्हणून चांदूर बाजारचा सोयाबीन ट्रॉलीत दवात भिजतो. कंपनीत असताना याला आम्ही क्रिटिकल आयटम म्हणायचो, सगळ्यात स्वस्त वस्तू, जिच्यावाचून सगळं अडते, तिचा साठा आधी करून ठेवायचा. सप्टेंबरात पोती मोजायला काय खर्च आहे सांगा बरं?

मला विचाराल तर प्रत्येक मोठ्या गावात एक धान्य वाळवायचं यंत्र, नाहीतर नुसता सिमेंटचा मोठा ओटा आणि त्याच्यावर टिनाचं छत, एवढं जरी केलं तरी त्यातून जेवढं साधेल तेवढं दहा परिषदांतून साधणार नाही. तीन टक्के पाणी उतरवलं की शेतकरी पंधरा दिवस जास्त थांबू शकतो, ओला माल घेऊन घरात निजता येत नाही, बुरशी लागते. पण ओट्याला फीत कापायला कोण येणार, हाही प्रश्न आहेच.

आता टेबलाच्या त्या बाजूचं. मोठ्या कंपनीत खरेदी करणारा माणूस वाईट नसतो, मीच होतो ना. पण त्याचं वर्षाचं मूल्यमापन किलोमागे किती रुपये वाचवले यावर होते. त्यानं एकाच मोठ्या सप्लायरकडून सगळी तूरडाळ घेतली तर पन्नास पैसे स्वस्त भेटते. चार छोट्यांकडून घेतली तर चार ऑडिट, चार लॅब रिपोर्ट, चार वेळा फसाईचे, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी परवान्याचे, कागद, आणि चौघांचा माल चार रंगाचा. मग त्या एका सप्लायरच्या गोदामाला आग लागली, किंवा मोझांबिकहून निघालेलं जहाज अडकलं, की सगळे धावत सुटतात आणि तेव्हा मग आठवते की अकोल्याला शेतकरी कंपन्या आहेत. फोन येतो, पन्नास टन द्या, आठ दिवसात. एरवी वर्षभर पाच टनही घेत नाहीत. ज्याच्याकडून रोज घेतलं नाही तो संकटाच्या दिवशी कुठून आणणार? आम्ही एकदा असा माल जमवून दिला, चांगला दिला, आणि पेमेंटसाठी तीन महिने त्यांच्या अकाउंट खात्यात फोन करत बसलो. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांची तीच तऱ्हा. इकडे शेतकऱ्याला चुकारा आठ दिवसात द्यायचा असते, नाहीतर पुढच्या वर्षी तो आपल्या कंपनीचं तोंड पाहत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसात दिलं नाही तर त्या वर्षी खर्च धरता येत नाही, असा इन्कम टॅक्सचा नियम आता आलाय, पण तो माल बनवणाऱ्याला लागू, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही. म्हणजे आमच्या बहुतेक शेतकरी कंपन्या त्याच्या बाहेर, कारण त्या डाळ करतच नाहीत, पोती फिरवतात.

आणि आता सरकार. दोन मिनिटं ऐकून घ्या, मी कोणत्याच पार्टीचा नाही. झटका म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो, गारपीट आठवते. मी म्हणतो गेल्या चार-पाच वर्षांतले मोठे झटके दिल्लीहून आले. डिसेंबर २०२१ ला सोयाबीन, हरभरा, गहू, साधा धान अशा सात मालांचा वायदा, म्हणजे पुढच्या महिन्यांचा भाव आज ठरवायचा बाजार, बंद केला, एक वर्षासाठी म्हणून, आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ. २० जुलै २०२३ ला बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद, पुढच्या महिन्यात उसण्यावर, म्हणजे उकड्या तांदळावर, २० टक्के शुल्क. भंडारा-गोंदियातल्या ज्या मिलवाल्यांनी निर्यातीच्या हिशोबानं मशिनी टाकल्या, रंगानुसार दाणा निवडणारं सॉर्टेक्स बसवलं, त्यांनी काय करायचं, तर सरकारी धानाच्या भरडाईवर बसायचं, क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्या, पैसे कधी येतील पाहू. सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली. पण परदेशातलं गिऱ्हाईक चौदा महिने तुमची वाट पाहत बसते का? ते व्हिएतनामकडे गेलं. खाद्यतेलाचंही तसंच, सप्टेंबर २०२४ ला आयात शुल्क वाढवलं, मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं वापस उतरवलं.

पण सगळ्यात जास्त मला खटकते ती स्टॉक लिमिट, म्हणजे किती माल साठवायचा याची सरकारी मर्यादा. जून २०२३ ला तुरीवर नि उडदावर लावली, पुढच्या वर्षी जूनमध्ये तूर-हरभऱ्यावर. विचार करा, तुटवडा झाला तर उपयोगी पडते काय? कोणीतरी साठवून ठेवलेला माल. आणि आपण नेमकं साठवणाऱ्यालाच सांगतो की ठेवू नको, ठेवला तर पोर्टलवर दाखव, जास्त दिसला तर धाड. मग मिलवाला काय करतो, एकतर माल घेतच नाही, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत तुमची तूर उचलायला गिऱ्हाईक कमी आणि भाव पडला, नाहीतर घेऊन लपवतो, पाच नावांवर पाच गोदामात ठेवतो. दोन्हीत नुकसान. देशात तूर नेमकी किती, कुठं पडली आहे हे कोणालाच धड कळत नाही, सरकारलाही नाही, आणि मग अंदाजानं आयात खुली होते. २०२१ ला तुरीची आयात मोकळी केली, म्यानमार, मोझांबिक, मलावी. २०२४ ला तूर दहा हजाराच्या वर गेली, तुम्ही खुश होऊन पेरा वाढवला, २०२५ ला माल आला तेव्हा हमीभाव ७५५० आणि बाजार त्याच्या खाली. शहरातल्या माणसाला डाळ महाग नको हे मला मान्य आहे, माझा भाऊ पुण्यातच राहतो, तो रोज ऐकवतो. पण दर वेळी भाव चढला की शेतकऱ्याचं दार बंद नि पडला की सगळे गप्प, असं चाललं तर साठवण, ड्रायर, मिल यात पैसा टाकायची हिंमत कोण करणार? गोदामात ठेवलेल्या मालाचा नियम कधी बदलेल हे माहीत नसेल तर बँकवालाही त्याच्यावर कर्ज द्यायला कचरतो. मी त्याला दोष देत नाही.

बराच वेळ झाला, ते मागचे भाऊ घड्याळ दाखवतात. प्रश्न घेऊ दोन-तीन.

(प्रश्न : जानेवारीत तूर निघते, ठेवायची का विकायची?)

भाऊ, भाव काय होईल हे मी सांगणार नाही, जो सांगतो त्याच्यापासून दूर राहा. पण सगळी एका दिवशी विकू नका एवढं म्हणतो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे आणि आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने. समजा २० क्विंटल तूर ठेवली, सात हजाराच्या हिशोबानं एक लाख चाळीस हजाराची, तर एक लाख पाच हजार हातात येतात. तीन महिन्याचं व्याज पंधराशे पंच्याहत्तर रुपये. म्हणजे क्विंटलमागे ऐंशी रुपये सुद्धा नाही. आता भाव त्यापेक्षा जास्त चढेल का ते तुम्ही पाहा, पडूही शकतो, पण निदान सावकाराच्या तगाद्यापायी विकावं लागणार नाही. अडचण ही की बऱ्याच समित्यांत योजना नुसती भिंतीवर लिहिली असते, गोदाम व्यापाऱ्याच्या मालानं भरलेलं. म्हणून डिसेंबरातच जा, चार-पाच जण मिळून जा, सचिवाला विचारा किती जागा आहे नि निधी आला का. एकट्याला उद्या या म्हणतात.

(बचत गटाच्या एका ताईंचा प्रश्न : आम्हाला मिनी दाल मिल टाकायची आहे, सबसिडी भेटते का?)

भेटते ताई. छोट्या अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आहे, तिच्यात प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, पण ती कर्जाला जोडलेली आहे, कर्ज झालं तरच. मुदत काय चालू आहे ते कृषी खात्यात आधी विचारून घ्या. मशीन अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली आहे, चांगली आहे, तिची चिंता करू नका. चिंता कशाची करा सांगतो. दिवसाला दहा क्विंटल तूर भरडली तर महिन्याची अडीचशे क्विंटल होते, सात हजारानं साडेसतरा लाखाची. तूर येते दोन-तीन महिने आणि डाळ विकायची बारा महिने. म्हणजे माल घेऊन ठेवायला पैसा लागते, आणि दुकानदार उधारीवर घेते त्याला वेगळा लागते. सबसिडी मशीनला आहे, या पैशाला नाही. एकच गोष्ट आहे, त्याच योजनेत बचत गटाच्या ज्या बाया प्रक्रियेचं काम करतात त्यांना प्रत्येकी ४० हजार बीज भांडवल आहे. दहा जणी असाल तर चार लाख. त्यात सत्तावन क्विंटल तूर येते, म्हणजे तुमच्या मिलचं आठवडाभराचंही काम नाही. म्हणून दिवसाला दहाच्या ऐवजी दोन क्विंटलनं सुरू करा, पहिले लोकांची तूर मजुरीवर भरडून द्या, क्विंटलमागे ठरवून पैसे घ्या, त्यात माल तुमचा अडकत नाही. आणि मशीनचं कोटेशन घ्यायच्या आधी बँकेत जाऊन मॅनेजरला विचारा की सीसी, म्हणजे माल घ्यायला लागणारं खेळतं कर्ज, किती देता, ते लेखी घ्या. तो नाही म्हणाला तर दुसऱ्या बँकेत जा, मला फोन करा, मी येतो तुमच्यासोबत.